जुनं डॉवेल मशीन छोट्या वर्कशॉपमध्ये बसवताना

डॉवेल म्हणजे लाकडी सांध्यात ठोकायची गोल दांडी. डॉवेल मशीनचं काम सांगायला सोपं आहे: एका तोंडाने चौकोनी पट्टी आत, दुसऱ्या तोंडाने गोल दांडी बाहेर. जुनं मशीन आणून चालू केलं की मात्र दांडीवर स्क्रूसारखे आटे उमटतात, पट्टी मध्येच अडकते, नाहीतर टोक जाड आणि बाकीची दांडी बारीक निघते. मशीन जुनं आहे, असंच चालायचं, असं म्हणून अनेक जण इथेच हात टेकतात. आमचा अनुभव असा की ही बहुतेक दुखणी मांडणीतून आणि पट्टीच्या मापातून येतात. सौद्यापासून विकण्याजोगी दांडी निघेपर्यंतचं काम म्हणून क्रमाने लिहितोय.

आधी मशीनचा प्रकार. हे फिरत्या कटरहेडचं मशीन आहे. पोकळ स्पिंडलच्या, म्हणजे फिरत्या आसाच्या, तोंडावर कटरहेड, त्यात दोन पाती. पट्टी स्वतः फिरत नाही, पाती तिच्याभोवती फिरतात. पट्टी आधी फीड रोलरमधून जाते, मग चौकोनी गाइडमधून, मग पात्यांमध्ये. पात्यांच्या अगदी मागे, स्पिंडलच्या आतल्या स्थिर नळीच्या टोकाला बुश, म्हणजे दांडीच्या मापाच्या भोकाची कडी, बसतो आणि तयार दांडी त्यातून सरकत तिला बाहेर ओढणाऱ्या आउटफीड रोलरकडे जाते. वरून आणि खालून अर्धगोल कटर लावून दांडी काढणारी मशीनंही असतात. त्यांची जुळवणी वेगळी, त्यांना पुढचं सगळं लागू होणार नाही.

बघायला जाताना डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापक), टॉर्च, व्हर्निअर आणि ॲलन कीचा संच सोबत ठेवावा. रंग, गंज, तुटलेला हँडल याकडे फार बघू नये. पहिला प्रश्न विचारायचा तो गाइड आणि बुश किती मापांचे मिळणार हा. प्रत्येक मापाच्या दांडीला चौकोनी गाइड वेगळा आणि बुश वेगळा. ते हरवले असतील तर प्रत्येक जोडी टर्नरकडून करून घ्यावी लागते, आणि पाच-सहा मापं धरली की तो खर्च बेअरिंगच्या खर्चाला सहज मागे टाकतो. आम्हाला ८, १० आणि १२ मिमीचे बुश मिळाले, गाइड फक्त १२ चा. किंमत ठरवताना हे धरूनच बोलावं.

दुसरी तपासणी स्पिंडलची. बेल्ट काढून स्पिंडल हाताने सावकाश फिरवायचं. खरखर जाणवली तर बेअरिंग गेलेलं आहे, आणि ते बदलता येतं. मग कटरहेडच्या बैठकीवर डायल गेज लावून फिरवायचं. काटा ०.०३ मिमीच्या आत हलला तर उत्तम. ०.०५ च्या वर गेला तर बेअरिंग खराब आहे की स्पिंडलच वाकलंय हे कळेपर्यंत पैसे देऊ नयेत, कारण वाकलेलं पोकळ स्पिंडल सरळ करणं छोट्या वर्कशॉपच्या आवाक्यातलं नाही. रोलरचे दाते, गिअरबॉक्समधलं तेल, ओतीव लोखंडाच्या बॉडीवर वेल्डिंग किंवा ब्रेझिंगचा जुना सांधा, एवढं बघून झालं की मोटरच्या प्लेटचा फोटो घ्यायचा. त्यावरचे व्होल्ट, हर्ट्झ, किलोवॅट आणि फेरे पुढे प्रत्येक कागदावर लागतात.

कागदांचं काम मशीन उचलण्याआधीच सुरू करावं, कारण सगळ्यात लांब वाट तिथेच बघावी लागते. विक्रीच्या पावतीवर मशीनचा अनुक्रमांक लिहून घ्या. उत्पादक अजून अस्तित्वात असेल तर त्या क्रमांकावरून मॅन्युअल आणि वायरिंगचा नकाशा मिळण्याची शक्यता असते. वाहतुकीच्या विम्यालाही तोच क्रमांक मागतात. थ्री-फेज जोडणी नसेल किंवा मंजूर भार कमी पडत असेल तर वीजपुरवठादाराकडे वाढीव भाराचा अर्ज, सगळ्या मोटरांची बेरीज दाखवणारी यादी आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनचा तपासणी अहवाल, एवढं साधारण लागतंच. त्या यादीत भुसा ओढणाऱ्या ब्लोअरची मोटर धरायला विसरू नका. ती नंतर घातली की अर्ज पुन्हा पहिल्या पायरीवर. शिवाय जागा भाड्याची असेल तर मालकाची लेखी संमती आणि आवाजाचे नियम हेही आधीच विचारून घ्यावं. मंजुरी येईपर्यंतचा काळ मशीन उघडून साफ करण्यात जातो, त्यामुळे फार चिडचिड होत नाही.

जागेचं गणित अनेकांचं चुकतं. मशीन स्वतः जेमतेम मीटरभर लांब असलं, तरी २.४ मीटरची पट्टी घालायची तर आधी २.४ मीटर, नंतर २.४ मीटर आणि मध्ये मशीन, म्हणजे एका सरळ रेषेत जवळपास ६ मीटर मोकळे हवेत. एवढी जागा नसेल तर मशीन दाराच्या किंवा खिडकीच्या रेषेत लावून दांडी बाहेर काढता येते. आम्ही १.२ मीटरच्याच पट्ट्या घ्यायचं ठरवलं, कारण डॉवेलचे पुढे तुकडेच करायचे असतात.

उचलताना पट्टा बॉडीखालून घालायचा. स्पिंडल, रोलर किंवा मोटरला दोर बांधून उचललं की जी सरळ रेषा आपल्याला पुढे हवी असते ती तिथेच बिघडते. उचलण्याआधी पाती काढून वेगळी गुंडाळून ठेवावीत. जमिनीवर बसवल्यावर चारही पाय टेकतात का हे बघणं पाणसळीपेक्षा महत्त्वाचं आहे. एक पाय अधांतरी ठेवून बोल्ट आवळला की बॉडीला पीळ बसतो आणि रोलर व स्पिंडल यांची रेषा हलते. पायाखाली शिम, म्हणजे धातूच्या पातळ चकत्या, सरकवून, फटीत कागद अडकेपर्यंत भरून, मगच बोल्ट आवळावेत.

साफसफाईत सगळ्यात जास्त वेळ चिकट राळेला लागतो. ग्रीसमध्ये भुसा कालवून वर्षानुवर्षं वाळला की त्याचा दगड होतो. केरोसिन आणि पितळी ब्रश पुरतात, खरवडायला पोलादी पट्टी वापरू नये. खोलताना प्रत्येक टप्प्याचा फोटो आणि प्रत्येक शिमची जागा टिपून ठेवा. जुन्या शिम निरुपयोगी वाटतात, पण कोणीतरी कधीतरी विचार करूनच त्या घातलेल्या असतात.

बेअरिंगचा क्रमांक त्याच्या कडीवर कोरलेला असतो. आमच्या स्पिंडलला ६०१२ निघालं, म्हणजे आतला व्यास ६० मिमी, बाहेरचा ९५, जाडी १८. हा क्रमांक सांगितला की कुठल्याही कंपनीचं चालतं, पण मागची अक्षरं नीट बघून घ्यावीत. भुसा आत जाऊ नये म्हणून रबरी सीलचं घ्यावं असं वाटणं साहजिक आहे. मात्र एवढ्या मोठ्या व्यासाला रबरी ओठ घासून तापतो आणि त्याची वेगमर्यादा पत्र्याच्या शील्डवाल्याच्या जवळपास निम्मी असते. हेड मिनिटाला ४,००० फेऱ्यांच्या वर फिरणार असेल तर शील्डचं, म्हणजे झेडझेड घ्यावं आणि भुसा अडवायला बाहेरून नमद्याची कडी लावावी. बसवताना बेअरिंग ८० ते १०० अंशांपर्यंत तापवलं की स्पिंडलवर अलगद सरकतं. ठोकायची वेळ आलीच तर नळी आतल्या कडीवरच टेकवायची. बाहेरच्या कडीवर दिलेला ठोका गोळ्यांमधून जातो आणि नवीन बेअरिंग पहिल्याच दिवशी खरखरायला लागतं.

वीज. मोटरला जोडण्याआधी मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) ५०० व्होल्टवर वाइंडिंग आणि बॉडी यांच्यातला रोध मोजून घ्या. १ मेगाओमपेक्षा कमी आला तर मोटर वाळवायची किंवा रिवाइंड करायची. थ्री-फेज पुरवठा मिळत नसेल तर सिंगल-फेज घेऊन थ्री-फेज देणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह, म्हणजे व्हीएफडी, हा मार्ग आहे. असा व्हीएफडी साधारण २३० व्होल्टच बाहेर देतो, म्हणून मोटरच्या प्लेटवर २३०/४०० असेल तरच, आणि डेल्टा जोडणी करूनच ती चालेल. व्हीएफडी आणि मोटर यांच्या मध्ये मशीनचा जुना स्विच किंवा कॉन्टॅक्टर ठेवायचा नाही. चालू असताना तो उघडला तर ड्राइव्ह जाऊ शकतो. प्लेटवर ६० हर्ट्झ असलेली मोटर ५० वर चालवली तर वेग सहाव्या हिश्श्याने घटतो. तो हिशेब पुलीत भरून काढता येतो, पण ६० हर्ट्झवरचे व्होल्ट तसेच ५० वर दिले तर मोटर तापते.

दिशा तपासताना बेल्ट आणि पाती दोन्ही काढलेली हवीत. मोटर उलटी फिरली तर कुठलेही दोन फेज अदलाबदल करायचे. उलट फिरणाऱ्या हेडमध्ये पात्याची पाठ लाकडावर घासते, धूर निघतो आणि लोकांना पातं बोथट आहे असं वाटत राहतं. हेडची मोटर थांबली की फीडही आपोआप थांबेल अशी वायरिंग करून घ्या. बऱ्याच जुन्या मशीनमध्ये ही सोय नसते. हेड बंद आणि फीड चालू, अशा अवस्थेत पट्टी थांबलेल्या पात्यांवर जाऊन आदळते.

आमच्या हेडची मोटर मिनिटाला २,८८० फेऱ्यांची आहे आणि पुलीचं प्रमाण दीडपट, म्हणजे हेड सुमारे ४,३२० फेरे घेतं. हा आकडा पुढे लागणार आहे. बेल्टचा ताण बघायला दोन पुलींच्या मध्यावर अंगठ्याने दाबायचं. अंतराच्या दर १०० मिमीला साधारण दीड मिमी दबला की ठीक. पाती न लावता अर्धा तास रिकामं फिरवून बेअरिंगच्या घरावर हात ठेवून बघा. कोमट असावं. हात ठेवणं अशक्य झालं तर बेल्ट जास्त ताणलाय किंवा बेअरिंग तिरकं बसलंय.

आता मुख्य काम: रेषा. फीड रोलरची खाच, चौकोनी गाइड, बुश आणि आउटफीड रोलर या चौघांचा मध्य एकाच अक्षावर हवा. डोळ्यांनी किंवा दोरीने हे जमत नाही. १२ मिमीची, ग्राइंड केलेली, अर्धा मीटर लांब पोलादी दांडी घ्यायची. गाइडच्या बैठकीत घट्ट बसेल असा गोल ठोकळा टर्नरकडून करून घ्यायचा, मधोमध १२ मिमीचं भोक. १२ चा बुश लावायचा आणि मागून दांडी सरकवायची. बुशमधून निघून ती ठोकळ्याच्या भोकात बोटाच्या जोराने गेली पाहिजे. काठावर अडली तर कुठल्या बाजूला अडते ते बघून गाइडच्या ब्रॅकेटखाली ०.०५, ०.१, ०.२ च्या शिम घालत जायचं. आमच्या मशीनमध्ये गाइड खाली बसलेला होता. ब्रॅकेटखाली ०.३ मिमी भरल्यावर दांडी दोन बोटांत धरून आतबाहेर करता यायला लागली. तीच दांडी पुढे फीड रोलरच्या खाचेत आणि मागे आउटफीडच्या खाचेत पडते का, तेही त्याच वेळी बघून घ्यायचं. या कामाला घाई करू नये. इथे वाचवलेला तास पुढे आठवडाभर छळतो.

रोलरबद्दल एक गोष्ट. इनफीडचे रोलर दातेरी असले तरी बिघडत नाही, कारण त्यांचे व्रण कापले जातात. १४ मिमीच्या चौकोनातून १२ ची दांडी काढली तर सपाट बाजूवर १ मिमी आणि कोपऱ्यावर जवळपास ४ मिमी लाकूड जातं. म्हणून कोपऱ्यांवर पकडणाऱ्या व्ही खाचेचा रोलर सगळ्यात सोयीचा, हवा तेवढा दाब देता येतो. आउटफीड रोलर मात्र तयार पृष्ठभागाला लागतो, तो गोल खाचेचा आणि रबराचा किंवा गुळगुळीत हवा. जुन्या मशीनवर कोणीतरी दोन्हीकडे दातेरी रोलर लावून ठेवलेले असू शकतात.

पाती लावताना दोन्हींचं वजन सारखं आहे का हे नाजूक काट्यावर बघावं. ग्रॅमभर फरक असला तरी जडाची पाठ घासून सारखं करून घ्यावं. या पात्याच्या धारेचे दोन भाग असतात: पुढचा उतरता भाग कोपरे उडवतो आणि मागचा ५-६ मिमीचा सरळ भाग अंतिम माप देतो. हा सरळ भाग अक्षाला समांतर बसला पाहिजे, सगळी गुळगुळीत दांडी त्याच्यावर अवलंबून आहे. जुळवायला पुन्हा तीच पोलादी दांडी. बुशमधून ती पात्यांखाली येईपर्यंत पुढे काढायची, तिच्यावर साध्या कागदाची पट्टी ठेवायची आणि हेड हाताने फिरवायचं. पातं कागदाला नुसतं खरडून जायला हवं, फाडायला नको. कागद आधी सरळ भागाच्या पुढच्या टोकाला धरून बघा, मग मागच्या. दोन्हीकडे खरड सारखी लागली की पातं समांतर आहे. स्क्रू मधल्यापासून बाहेर, थोडे थोडे करत आवळा आणि पूर्ण आवळून झाल्यावर पुन्हा एकदा कागद लावा, कारण आवळताना पातं सरकतं. मग दुसरं पातं त्याच खरडीला आणायचं. हे सगळं करताना मेन स्विच बंद आणि त्याला कुलूप.

मशीन इथवर तयार होतं, पण पट्ट्या खराब असतील तर वरची मेहनत दिसत नाही. लाकूड सरळ रेषांचं हवं. तिरक्या रेषा असल्या की पातं रेषेत घुसून ढलपी उचकटतं आणि तयार डॉवेल ठोकताना त्याच जागी मोडतो. बीच, बर्च, मेपल यांसारखी बारीक पोताची कठीण लाकडं चांगली. ओलावा ८ ते १० टक्के. ओल्या लाकडाची दांडी मशीनमधून गोल निघते आणि वाळल्यावर लंबगोल होते, कारण वर्षवलयांच्या दिशेने लाकूड त्रिज्येच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट आकसतं. १२ च्या दांडीला १३.५ ते १४ मिमीची चौकोनी पट्टी पुरते. करवतीवर चिरून सरळ मशीनमध्ये घालू नका, थिकनेसरमधून (एकसारख्या जाडीला रंधणाऱ्या मशीनमधून) काढून ०.२ मिमीच्या आत एकसारख्या करा. जाड पट्टी गाइडमध्ये अडकते आणि बारीक पट्टी गाइडमध्ये फिरते. फिरली की पाती तिला पिळून तोडतात. वाया जाणारं लाकूडही आधीच धरावं: १४ च्या चौकोनातून १२ ची दांडी काढली तर ५८ टक्केच लाकूड हातात येतं, बाकीच्या ढलप्या. त्यात करवतीच्या पात्याची जाडी वेगळी.

एवढ्या ढलप्या म्हणजे ब्लोअर ही चैन नाही. हेडभोवतीचा हूड चोंदला की ढलप्या बुशच्या तोंडाशी दाबल्या जातात, दांडीवर काळे डाग येतात आणि अडकलेली दांडी तापते. आम्ही १०० मिमीचा पाइप थेट हेडखाली लावला, वरचं झाकण बंद केलं, तेव्हा हे थांबलं.

पहिली चाचणी स्वस्त, मऊ लाकडाच्या ६०० मिमी पट्टीवर. कानांना संरक्षण, डोळ्यांवर चष्मा, हातमोजे नाहीत, आणि शेवटचा भाग ढकलायला हाताऐवजी दुसरी पट्टी. दांडी बाहेर आली की आधी आटे आहेत का बघायचं, आणि असतील तर मोजायचे. फीड मिनिटाला ५ मीटर आणि हेड ४,३२० फेरे, म्हणजे एका फेऱ्यात पट्टी १.१६ मिमी पुढे सरकते. व्हर्निअरने दहा आट्यांची लांबी घ्या. ती ११-१२ मिमी आली तर दोनपैकी एकच पातं कापतंय, दुसरं आत राहिलंय. ६ मिमीच्या आसपास आली तर दोन्ही कापतायत, पण दोघांचा सरळ भाग तिरका बसलाय. पहिल्या दुखण्यात दुसरं पातं पुन्हा कागदावर आणायचं, दुसऱ्यात दोन्ही सोडून समांतर करायची. अंदाजाने पाती हलवत बसण्यापेक्षा ही मोजणी फार लवकर उत्तर देते. फीड कमी केलं तरी आटे बारीक होतात, पण तो इलाज नव्हे. दांडी जळायला लागते.

मग टोकं. दांडीचं पुढचं टोक बुशमध्ये शिरेपर्यंत त्याला मागून आधार नसतो, त्यामुळे पहिले काही मिलिमीटर मापाबाहेर निघतात. शेपटाकडे उलटा प्रकार: पट्टी फीड रोलर सोडते तेव्हा ढकलणारं कोणी उरत नाही, आणि गाइडही सोडते तेव्हा ती फिरायला मोकळी होते. उपाय सोपा, पट्ट्या टोकाला टोक लावून सलग घालायच्या. मागून येणारी पट्टी तिच्या पुढच्या पट्टीला धरून ठेवते आणि ढकलते. टोकं काटकोनात कापलेली हवीत, नाहीतर एक दुसरीवर चढते. खेपेतल्या शेवटच्या पट्टीमागे एक टाकाऊ तुकडा घालायचा.

दांडी बुशमध्ये घट्ट होऊन चकाकी आणि डाग येत असतील तर बुश बघा. त्याचं भोक दांडीपेक्षा ०.१ मिमी मोठं आणि तोंडाशी थोडा उतार हवा. भोक जास्त मोठं झालेला जुना बुश दांडीला थरथरू देतो आणि मग पृष्ठभागावर ठरावीक अंतर नसलेल्या लाटा दिसतात. पितळी बुश लवकर झिजतो, पण दांडीला दुखवत नाही. जास्त काम असलेल्या मापाला आम्ही पोलादी करून घेतला.

माप घेताना दांडीच्या तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी व्हर्निअर लावा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. १२ च्या भोकासाठी ११.९ ते १२.० मध्ये राहिलं तर गोंदाला जागा मिळते. दांड्या गठ्ठा बांधून, प्लास्टिकमध्ये, आडव्या ठेवायच्या. भिंतीला टेकवून ठेवलेल्या वाकतात.

माप बदलताना बुश, गाइड आणि पाती तिन्ही बदलतात. १२ वरून ८ वर जाताना ८ मिमीच्या ग्राइंड केलेल्या दांडीवर कागदाची जुळवणी पुन्हा करायची. गाइड त्याच बैठकीत बसत असेल तर मधली रेषा पुन्हा शोधावी लागत नाही. ८ ची दांडी लवचीक असते, म्हणून बुशपासून आउटफीड रोलरपर्यंत तिच्याखाली अर्ध्या कापलेल्या पाइपचा आधार द्यायचा, आउटफीडचा दाब कमी करायचा आणि रोलरचा वेग इनफीडपेक्षा केसभर जास्त ठेवायचा. कमी राहिला तर दांडी मध्ये फुगते आणि मोडते. बदललेली प्रत्येक जुळवणी, शिमच्या जाडीसकट, मशीनच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवलेली आहे.